पुढच्या बाजारी विचारू

पठाण मॅडम वर्गात आल्या की शिकवणाऱ्या बाईकडे बघतच नसत. मागच्या ओळीत पोरांमध्ये मांडी घालून बसायच्या, एखादं पोरगं निवडायच्या आणि तासभर त्याच्याच तोंडाकडे बघायच्या. आपण पुढं जीव तोडून शिकवतोय, फळा भरतोय, आणि या बाईंचं लक्ष कुठं, तर नाक पुसणाऱ्या पोराच्या ओठांवर. तपासायला आलेला माणूस मास्तरला बघतो, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मास्तरही त्या हिशोबानं इस्त्री करून येतो. त्यामुळं ज्याच्या वर्गात त्या बसून गेल्या, तो शिक्षक पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे.

जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवणं, ही त्यांची नोकरी. मूळच्या सिल्लोडच्या. ठेंगण्या, गोल, डोक्यावर ओढणी, पायात पुरुषी बूट आणि दाढेखाली कायम एक लवंग. लवंग का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दात ठणकतोय." जिल्हाभर त्यांचा दरारा होता. त्यांची जीप गावात शिरली की मास्तर लोक एकमेकांना फोन लावत.

मी तेव्हा पंचेचाळिशीची, लासूर स्टेशनजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शिकवत होते, असं आपलं म्हणायचं. मला इंग्रजी वाचता यायचं, त्याचं मराठी सांगता यायचं, आणि बोलायची वेळ आली की खोकला यायचा. पण मेंढरं राखणाऱ्या बापाची लेक इंग्रजी शिकवते म्हटल्यावर भावकीत माझा केवढा तोरा. लग्नात पहिल्या पंगतीला मान, आणि नवरदेवाच्या सुटाबुटातल्या मित्राशी बोलायला मलाच पुढं ढकलायचे. मी "येस, येस" म्हणून पाणी आणायच्या निमित्तानं सटकायची. ती तेव्हाची मी, शांता शिंगाडे, आज समोर आली तर मी तिच्या दंडाला असा चिमटा काढीन, की खोकला विसरेल.

माझ्या वर्गात एक बंदोबस्त होता. पाहुणे आले की सगळ्यांनी हात वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. बघणाऱ्याला वर्गभर हातांचं रान दिसे, आणि मी बिनधास्त उजवे तेवढे उठवी. हा शोध आपलाच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पठाण मॅडम आल्या, मागं बसल्या. मी प्रश्न विचारला, हात वर गेले, उजव्यांनी खणखणीत उत्तरं दिली. मग मॅडम उठल्या. "मी बोलू का दोघा-तिघांशी?" म्हणाल्या, आणि बोट करत गेल्या. "तू. मग तू. आणि खिडकीजवळची ती." तिघंही डावे. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी गेली, निलंबन झालं, भावकीत तोंड काळं झालं, एवढं सगळं एका श्वासात माझं होऊन गेलं. पण मॅडमनी पोरांना प्रश्न विचारलाच नाही. नावं विचारली, पाठीवरून हात फिरवला आणि बसवलं.

बाहेर ओट्यावर आल्यावर म्हणाल्या, "सिल्लोडला असताना मीही हेच करायची. फक्त माझ्याकडं ज्याला येतंय त्याचा डावा असायचा. कुणाला शक येत नाय."

मला हसावं की रडावं कळेना.

"एक सांगा बाई. या पोरांना इंग्रजी येतंय, हे तुम्हाला दिसलं की वाटलं?"

"वाटलं," मी म्हटलं. खोकला आला होता, तो गिळला.

"मग सोमवारपासून ट्रेनिंगला या."

आमची ट्रेनिंगं तुम्हाला सांगायला नकोत. सही करायची, पंख्याखालची जागा धरायची, जेवणात गोड काय याची चौकशी करायची. मोठी माणसं व्यासपीठावरून 'बालककेंद्री' हा शब्द उच्चारत आणि आम्ही मोठ्या माणसांसारखंच दुपारी झोपत असू. शहरातल्या एका हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण याच तयारीनं गेलो. पठाण मॅडमनी पिशवीतून एक कांदा काढला आणि तो माझ्या नाकासमोर धरून फारसीत काहीतरी विचारलं. त्या फारसी शिकलेल्या होत्या. मी गप्प. पुढच्याला विचारलं, तो गप्प. त्यांचा आवाज चढत गेला, आम्ही माना खाली घातल्या. चांगले मिशावाले मास्तर, एकानं तर पेन खाली पाडून ते शोधत बसायचा बहाणा केला. शेवटी मॅडम मराठीत म्हणाल्या, "मी विचारत होते, हे काय आहे. फारसीत पण कांद्याला प्याजच म्हणतात. चाळीसच्या चाळीस लोकांना उत्तर येत होतं. मग तोंडं का शिवली तुमची?"

त्यांनी कांदा पिशवीत परत टाकला.

"भ्यालेल्याच्या डोक्यात शिरत नाय, आणि शिरलेलं तोंडात येत नाय. आता आपापल्या वर्गातलं मागच्या बाकावरचं पोरगं डोळ्यांपुढं आणा."

त्यांचं सगळं असंच असे. एखादी पद्धत चांगली, असं त्यांनी नुसतं सांगितलं नाही. प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर सांगू नये, थोडं थांबावं, असं म्हणायचं असलं तर आम्हा निम्म्या जणांना वर्गात जाऊन थांबायला लावायच्या, निम्म्यांना न थांबता शिकवायला लावायच्या, आणि मग दोन्हींकडच्या पोरांना काय आलं ते आम्हालाच बघायला पाठवायच्या. तेही त्याच दिवशी नाही. कुणी उत्साहानं म्हणालं, "मॅडम, पोरांना मस्त आलं," की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "पुढच्या बाजारी विचारू." म्हणजे गावचा आठवडी बाजार फिरून आला की. "आज आलं ते उसनं. बाजार फिरून उरलं ते पोराचं." या एका वाक्यानं आमची किती बढाई मातीत गेली त्याला हिशोब नाही. वर्गातली पोरं एका सुरात वाचतात तेव्हा काय छान वाटतं. पण पुढच्या बाजारी एकेकाला वेगळं काढून विचारलं की कळतं, माझ्या बापाच्या कळपासारखंच सगळं. पुढची तीन-चार मेंढरं वाट जाणतात, बाकीची त्यांच्या शेपट्या.

मग जिल्ह्याला नवे शिक्षणाधिकारी साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांचं म्हणणं, चाळीस-चाळीस शिक्षकांना महिनोन्‌महिने काय शिकवता, मोठा पडदा लावून एका दिवसात आठशे उरकू. मॅडमनी खूप सांगून पाहिलं. शेवटी साहेब म्हणाले, "असं करा. एक पाठ दाखवा. अनोळखी शाळा, अनोळखी पोरं. तुमच्याच भाषेत सांगतो, आठ दिवसांनी मी स्वतः विचारेन. उरलं असेल तर ट्रेनिंग चालू. नाही तर दिवाळीनंतर बंद."

पाठ कोण घेणार? आमच्यात एक देशमुख सर होते, इंग्रजी असं बोलायचे की टीव्हीवर शोभावं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "शिंगाडे बाई घेतील."

मी त्यांना जिन्यात गाठलं. "मॅडम, माझ्यावर कसला राग आहे का तुमचा?"

"नाय. तुम्ही सगळ्यांत कच्च्या आहात."

"मग?"

"देशमुख सरांचा पाठ चांगलाच होईल. त्यात पद्धतीचं काय आणि सरांचं काय, कसं कळणार? तुमचा चांगला झाला तर मात्र शंकाच नको." आणि वर, "वाईट वाटून घेऊ नका," असंही म्हणाल्या. त्या दिवसापासून मी रोज ओवा खाऊन शाळेत जायची.

पाठ झाला गंगापूरच्या पलीकडच्या एका गावात, चौथीच्या वर्गात. भिंतीला टेकून चाळीस शिक्षक, साहेब खुर्चीत, मॅडम पोरांत. मी कांदा, वाटी, दोरी, खडू मांडले आणि 'पुट द ओनियन अंडर द चेअर' असं म्हणत आधी स्वतः खुर्चीखाली वाकले. मग पोरांनी केलं, मग पोरांनी एकमेकांना सांगितलं. मराठी एक शब्द नाही. एकदा मी खाली वाकले ती खुर्ची धरूनच वर आले. पोरांना वाटलं हाही पाठाचाच भाग, त्यांनीही खुर्ची धरली. पण पाठ रंगला. शेवटी तर पोरं मलाच हुकूम सोडायला लागली. टाळ्या पडल्या. देशमुख सरांनी हात जोडले. मी आशेनं मॅडमकडे पाहिलं.

"पुढच्या बाजारी विचारू," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या सासूबाईंना ठाऊक. भाजीत मीठ दोनदा, चहात एकदाही साखर नाही. रात्रंदिवस एकच डोळ्यांपुढं. साहेब विचारतायत, पोरं माझ्याकडे बघतायत, कुणाला काही आठवत नाहीये, आणि सगळा जिल्हा म्हणतोय, शिंगाडे बाईनं ट्रेनिंग बुडवलं. बाजाराला दोन दिवस राहिले तेव्हा धीर सुटला. शाळेत रजा टाकली, पिशवीत कांदा, वाटी, दोरी, खडू घातले, पोरांसाठी वर पेरू घेतले, आणि वडापच्या जीपमध्ये बसले. म्हटलं, पोरांकडून एकदा गुपचूप घोकून घ्यावं. कुणाला कळतंय?

गाव आलं. शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर एक ठेंगणी बाई ओढणीनं तोंड झाकून बसली होती. पायांत पुरुषी बूट.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"तू?" त्या म्हणाल्या. मला त्यांनी पहिल्यांदाच तू म्हटलं.

"माझी मावशी असते इथं."

"असं का. मावशीला कांदा पण आणला वाटतं."

पिशवीतून कांदा डोकावत होता. मी तो आत ढकलला. "आणि तुम्ही कशा काय?"

"माझी पण खालाच राहते, समज."

मी त्यांच्या शेजारी टेकले. आत पोरं पाढे म्हणत होती. मॅडमचा चेहरा उतरलेला, ओठ पांढरे. त्यांनी लवंग काढून दाढेखाली सरकवली.

"दात फार दुखतोय का?"

"दाताला काय झालंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तोंड कोरडं पडतंय गं. कुठल्याही वर्गात शिरायच्या आधी पडतंय, नोकरी लागल्यापासून. जीभ टाळूला चिकटते. लवंग चघळली की जरा पाणी सुटतं."

मी बघतच राहिले. ज्यांच्या जीपचा आवाज ऐकून जिल्हा कापायचा, त्या बाई पहिल्या जीपनं येऊन इथं बसल्या होत्या. आत जायचा धीर नाही, परत जायचाही नाही.

"चला ना मॅडम," मी म्हटलं. "नुसतं एकदा घोकून घेऊ. साहेबांना काय कळणार?"

"साहेबाला नाय कळणार. त्या चाळीस जणांना पण नाय." त्या फाटकाकडे बघत होत्या. "पण मग मला पण नाय कळणार, शांता. इतकी वर्षं मी लोकांना सांगत फिरते ते खरं आहे का, ते मला कधीच कळणार नाय."

"आणि खोटं निघालं तर?"

 पोरांचे पाढे संपले, पुन्हा सुरू झाले.

"त्याचंच तर भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या आणि उठल्या. फाटकाकडे वळतील असं मला वाटलं. अगदी आशेनं वाटलं. त्या रस्त्याकडे वळल्या आणि येणाऱ्या जीपला हात केला. पेरू आम्ही दोघींनी गंगापूर येईपर्यंत संपवले. भ्यालेल्या माणसाला भूक लई लागते.

बाजारच्या दिवशी पुन्हा तोच वर्ग, तेच चाळीस. साहेब हुशार. म्हणाले, कांदा-वाटी नको, वस्तू मी निवडणार. सुरुवातीची पोरं उठली, त्यांनी सांगितलेलं केलं. मी श्वास सोडला. मग साहेबांनी रखमा नावाच्या काटकुळ्या पोरीला उठवलं. दाराजवळची एक चप्पल दाखवून म्हणाले, "पुट धिस चप्पल ऑन द टेबल."

रखमानं चप्पल उचलली. टेबलापर्यंत गेली आणि थांबली.

 ती चप्पल हातात घेऊन टेबलाकडे बघतेय, हलत नाही, बोलत नाही. विसरली. माझ्या कानात सूं आवाज यायला लागला. देशमुख सर घसा खाकरले. मी पुढं वाकून काहीतरी खुणावणार, तेवढ्यात शेजारून मॅडमनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार आणि घामानं ओला होता. इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

रखमा वळली. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सर, चप्पल टेबलावर? तिथं तुमचा डबा हाय की. भाकरीवर कुणी चप्पल ठेवतं व्हय?"

पहिले साहेबच हसले. मग सगळा वर्ग. मॅडमचा हात सुटला आणि मला रडू फुटलं. चांगली पंचेचाळीस वर्षांची घोडी, पदर तोंडात कोंबून रडतेय.

पण सगळं तसं झालं नाही. भिंतीकडेला बसलेल्या पोरांना एकामागून एक काहीच आठवेना. साहेब रखमावरच खुश होते, तिथंच थांबले असते. मॅडम उठल्या.

"साहेब, ज्यांना आलं नाय ती सगळी एकाच कडेची आहेत. शिकवताना बाईंची नजर तिकडं गेली नाय. पद्धतीत खोट आहे की बाईंच्यात, ते आज नाय सांगता येत. जागा बदलून परत बघावं लागेल."

मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घातल्या. इथं गप्प बसायला काय झालं होतं?

"म्हणजे पूर्ण यश नाही, असं तुम्हीच म्हणताय?" साहेबांनी विचारलं.

"हौ. पूर्ण आलं असतं तर मला खरं वाटलं नसतं."

साहेबांनी डबा उघडला, भाकरी मोडली, आणि खात खात म्हणाले, "चालू ठेवा. परत बघा. मलाही बोलवा."

त्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी त्यांनी माझं नाव दिलं. मी त्यांना पुन्हा जिन्यात गाठलं. "मला नाही जमणार. मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "म्हणून तर. ज्याला भीती नाय तो तपासून बघत नाय. त्याला सगळं आपलं बरोबरच वाटतं." मी निवृत्त होईपर्यंत ते काम केलं. एकाही वर्गात न घाबरता गेले, असं झालं नाही.

गेल्या थंडीत पठाण मॅडम गेल्या. काही दिवसांनी शिक्षकांनी शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. एकेक जण उठून बोलत होता. वाघीण होत्या. निडर होत्या. कुणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत. समोर मॅडमची लेक बसली होती, मान खाली घालून. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी काठी टेकत उठले. बोलायचं वेगळंच ठरवलं होतं, पण माईकपुढं तोंड कोरडं पडलं आणि खरं तेच बाहेर आलं.

"मॅडम घाबरट होत्या," मी म्हटलं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आयोजकांपैकी एक जण चुळबुळला, म्हातारी घसरली म्हणून. मॅडमच्या लेकीनं मात्र मान वर केली, आणि माझ्याकडे बघून हळूच होकार दिला. मग मी त्यांना मोरीचा कठडा सांगितला, पेरू सांगितले, लवंग सांगितली. सगळं सांगितलं.

सभा संपल्यावर एक नवी शिक्षिका माझ्यामागं जिन्यापर्यंत आली. हातात फाईल, कपाळावर घाम. दुसऱ्या दिवशी तिचा पहिला पाठ होता, सगळ्यांसमोर.

"बाई, त्या खरंच एवढ्या घाबरायच्या?"

"लई."

"मग काय करायच्या?"

"काय करणार," मी म्हटलं. "वर्गात जायच्या."

ती तिथंच उभी राहिली. मी कठडा धरून खाली उतरायला लागले तसा तिनं पुढं होऊन माझा हात धरला, आणि आम्ही दोघी हळूहळू जिना उतरलो.